धक्का कमी देणारी बारा बोअर कशी निवडावी

रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत घरात बंदूक असलीच तर ती बहुधा दोनपैकी एक असते. एक म्हणजे वडिलोपार्जित दुनळी, दुसरी शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली हलकी एकनळी. दोन्ही सणसणीत लाथ मारतात. घरातल्या मुलीला किंवा सडपातळ पोराला ट्रॅप-स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, शिकायचं असलं, की हमखास सल्ला मिळतो, ‘हलकी घ्या, नाहीतर वीस बोअर घ्या.’ (बोअर म्हणजे नळीचं माप, बारापेक्षा वीसची नळी बारीक.) या सल्ल्याने धक्का वाढतो. तो खरोखर कमी करायचा तर चार गोष्टी या क्रमाने बघाव्यात: काडतुसातल्या छर्ऱ्यांचं वजन, बंदुकीचं वजन, दस्त्याचं (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाचं) माप आणि सगळ्यात शेवटी बोअर.

आधी वापर ठरवा

तितर, लावा, ससा यांच्यासाठी बंदूक घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा परवाना हा प्रकारच उरलेला नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा एक लाखावर गेली, तीन वर्षांपर्यंतची कैदही होऊ शकते. केळीच्या बागेत रानडुकरं किंवा मक्यात रोही (नीलगाय) शिरले तरी त्यांच्यावर गोळी चालवायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. कलम ११ तेच सांगतं. शेतराखणीचा शस्त्र परवाना खिशात आहे म्हणजे ही परवानगी मिळाली, असं समजणारे पुष्कळ आहेत. ते चूक आहे.

यावल किंवा अनेर धरण अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर आणखी एक पायरी आहे. तिथे नव्या शस्त्र परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा असला तरी ही संमती नसल्याने फाईल अडकते, म्हणून घराचं अंतर आधीच तपासून घ्या.

मग कायदेशीर वापर दोनच उरतात: रेंजवर मातीच्या तबकड्या फोडणं आणि शेताची राखण. या लेखातला बराचसा भाग पहिल्या वापरासाठी आहे. राखणीला बंदूक बहुतेक वेळा आवाजापुरतीच लागते, आणि २४ ग्रॅमचा बार काय नि ३६ ग्रॅमचा काय, डुकराच्या कानाला दोन्ही सारखेच.

धक्का येतो कुठून

नळीतून पुढे जे जातं, म्हणजे छर्रे, वॅड (छर्रे आणि दारू यांच्यामधलं बूच) आणि दारूचा गॅस, त्याचं वजन गुणिले वेग. तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. बंदूक जड असेल तर ती सावकाश मागे येते, हलकी असेल तर झपकन येते. खांद्याला बोचते ती ही झपकन येणारी.

आकड्यांत बघू. ३.२ किलोच्या बंदुकीतून ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचं नेहमीच्या वेगाचं काडतूस उडवलं तर मागे येणारी ऊर्जा साधारण ३४ ज्यूल असते. तिच्यातूनच २८ ग्रॅमचं उडवलं तर २८ ज्यूल आणि २४ ग्रॅमचं उडवलं तर २२ ज्यूल. बंदूक न बदलता, फक्त काडतुसांचा डबा बदलून, धक्का एक तृतीयांशाने उतरला.

आता तेच २४ ग्रॅम २.७ किलोच्या वीस बोअरमधून उडवा. हिशेब २६-२७ ज्यूलवर जातो. म्हणजे ‘बायकांची बंदूक’ म्हणून घेतलेली वीस बोअर जड बारा बोअरपेक्षा जास्त लाथ मारते. सर्वात वाईट जोडी म्हणजे २.६ किलोची एकनळी आणि ३२ ग्रॅमचं काडतूस. तिथे ४१-४२ ज्यूल येतात, आणि नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा हीच जोडी दिली जाते. स्वस्त आणि हलकी म्हणून.

जुन्या इंग्रज बंदूककारांचा एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या किमान ९६ पट असावं. २८ ग्रॅमला २.७ किलो, ३२ ग्रॅमला ३.१ किलो, ३६ ग्रॅमला जवळजवळ साडेतीन किलो. हा किमान आकडा आहे. दिवसाला पन्नास-शंभर बार काढायचे असतील तर याच्या वर अर्धा किलो धरा.

सगळ्यात बारीक नळीच्या ४१० चा मोह अनेकांना होतो. तिचा धक्का ८-९ ज्यूलच असतो, पण नेहमीच्या काडतुसात छर्रे जेमतेम १४ ग्रॅम. छर्ऱ्यांचा पुंजका विरळ पडतो, तबकडी निसटते, आणि शिकणारा चुकतोय की पुंजक्यात भोक आहे हे कळत नाही. ४१० कसलेल्या हाताला शोभते. शिकायला नको.

बोअर ठरवताना एक व्यवहारही बघा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं बारा बोअरची आहेत. (वरणगावचा कारखाना आपल्या दारात असला तरी तिथला माल लष्करी रायफलींसाठी.) वीस किंवा ४१० घ्यायची तर आधी दुकानदाराला विचारा, वर्षभर काडतूस कुठून देणार. उत्तर गुळमुळीत आलं तर बाराच घ्या.

कोणत्या बनावटीची

एकनळी वजनाला हलकी असल्याने या कामाला सर्वात शेवटची. आडवी दुनळी चालते, पण तिची नळी दस्त्याच्या रेषेच्या बाजूला असते, त्यामुळे बार निघाला की बंदूक थोडी तिरकी उसळते. एकावर एक नळ्यांची बंदूक तबकड्यांसाठी सर्वात सोयीची. खालची नळी खांद्याच्या जवळच्या रेषेत असते, म्हणून पहिला बार खालच्या नळीतून काढावा, तोंड कमी उडतं. ट्रॅपच्या बंदुका साडेतीन ते चार किलोच्या असतात. उचलताना जड वाटतात, पण पन्नासाव्या बारानंतर त्या वजनाची किंमत कळते.

पंप बंदुकीची (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) यंत्रणा धक्का अजिबात खात नाही. तिचा फायदा असेल तर वजनाचा. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) मात्र धक्का लांबवते. संवेग तितकाच राहतो, पण तो खांद्यावर जास्त वेळात पसरतो आणि फटक्याऐवजी ढकलल्यासारखा वाटतो. आपल्याकडे अडचण परवान्याच्या वर्गवारीची आहे. परवान्यावर लिहिलेल्या प्रकारात ती बसते का, हे पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा, दुकानात नव्हे.

वजन कागदावरचं धरू नका. त्याच मॉडेलच्या दोन बंदुकांत लाकडाच्या घनतेमुळे शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. दुकानातच बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला लावून बघा. (जिनिंगच्या काट्यावर न्यायची गरज नाही, तो पाच-दहा ग्रॅम सोडा, शंभरही दाखवणार नाही.)

दस्त्याचं माप

काडतूस आणि वजन बरोबर असूनही खांदा काळानिळा होतो, तेव्हा दोष नव्वद टक्के दस्त्यात असतो. दुकानात उभ्या उभ्या करायच्या तपासण्या अशा:

१. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करा. दुकानदाराने बघितली असली तरी.

२. डोळे मिटून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा. गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. समोरची माशी (नळीच्या टोकावरचा मणी) नळीच्या मधोमध, नळीवरच्या पट्टीच्या किंचित वर दिसली पाहिजे. नळीची पाठ लांबच लांब दिसली तर दस्ता उंच आहे. माशीच दिसत नसेल तर खोल आहे. डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर दस्त्याचा बाक तुमच्यासाठी नाही.

३. या स्थितीत चाप धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यात दोन-अडीच बोटांची जागा हवी. बोट शिरत नसेल तर दस्ता आखूड आणि पहिल्याच बाराला अंगठा नाकावर. चार बोटं मावत असतील तर लांब. बाजारातल्या बहुतेक बंदुकांत चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर १४ ते १४.५ इंच असतं. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला १३ ते १३.५ इंच लागतं. कोपरात दस्ता टेकवून मोजायची जुनी पद्धत अंदाजापुरती ठीक, निर्णयाला नाही.

४. दस्त्याचा पूर्ण पृष्ठभाग खांद्याच्या खळग्यात टेकतो का बघा. फक्त खालचं टोक छातीत रुततंय, हा दोष बायकांच्या बाबतीत फार दिसतो. दस्त्याचा मागचा कोन बदलून, म्हणजे खालच्या टोकाकडे दोन-चार मिलिमीटर लाकूड काढून, तो सुटतो.

५. पट्टीवरून सुतळी ताणून मागे आणा आणि दस्ता तिच्यापासून किती खाली आहे ते मोजा. गालाच्या जागी दीड इंच, मागच्या टोकाला सव्वादोन ते अडीच इंच हे आजचं चालू माप. जुन्या दुनळ्यांत मागे तीन इंचांपर्यंत उतार आढळतो. असा दस्ता खांद्यावर बिजागरीसारखा वागतो. नळी वर उडते आणि लाकूड गालफडावर येऊन आदळतं.

आखूड दस्ता लांब करणं सोपं, रबरी पॅड चढवलं की झालं. लांब दस्ता कापताना मात्र पॅडची जाडी आधी वजा करा. अर्धा इंच कमी हवाय आणि पाऊण इंचाचं पॅड बसवायचंय, तर लाकूड सव्वा इंच कापावं लागतं. हे विसरून दोनदा कापलेले दस्ते जुन्या बाजारात पुष्कळ मिळतात. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. आणि नळीला हात लावू देऊ नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय त्याने वजन घटतं, आवाज वाढतो आणि धक्काही वाढतो.

पॅड घेताना नखाने दाबून बघा. जुन्या बंदुकांचं रबर वीस-पंचवीस उन्हाळ्यांत दगड झालेलं असतं, बेकेलाइटची पाटी तर मुळातच कडक. मऊ पॉलियुरेथेनचं पॅड खांद्यावरचा कमाल जोर स्पष्ट कमी करतं, खर्चही त्या मानाने थोडा. खांद्यावर घडी करून उपरणं ठेवायची आपल्याकडची सवय सोडा. ते प्रत्येक बाराला सरकतं आणि दुसऱ्या बाराला दस्ता भलत्याच जागी बसतो.

धक्का अजून उतरवायचा असेल तर दस्त्याच्या पोकळीत शिसं घालता येतं. पाव किलो घातलं की तीन किलोच्या बंदुकीचा धक्का आठ टक्क्यांनी उतरतो. पण सगळं वजन मागे घातलं की तोंड भिरभिरतं. निम्मं पुढच्या लाकडात बसवा, बंदूक बिजागरीच्या पिनेवर तोलली गेली पाहिजे.

जुनी दुनळी घेताना

वडिलोपार्जित किंवा सेकंड हँड बंदुकीत धक्क्याचं कारण कधी कधी बिघाडात असतं.

पहिलं कारण, चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी. जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर चेंबरच्या असतात. नळीखालच्या सपाट भागावर तसा ठसा सापडतो. काडतुसाची छापलेली लांबी ही उडाल्यानंतरची असते. ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, दाब वाढतो आणि लाथ बसते. बसलं म्हणजे चाललं, असं नाही. ७६ मिलिमीटरचं मॅग्नम या बंदुकांच्या जवळही आणू नका.

दुसरं कारण घातक आहे: एका चापाने दोन्ही नळ्या सुटणं. आतली कडी झिजली की पहिल्या बाराच्या हादऱ्याने दुसरा घोडा पडतो. संवेग दुप्पट होतो, म्हणजे मागची ऊर्जा चौपट. तपासणी अशी: दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (बिनदारूची नकली काडतुसं) घाला, एक चाप ओढा, मग दस्ता रबरी चटईवर हलकेच तीन-चारदा आपटा. आता दुसरा चाप ओढा. ‘टक’ आवाज आला नाही, तर तो घोडा आधीच पडलेला आहे. ती बंदूक घेऊ नका.

पुढचं लाकूड काढून नळ्या धरून हलवा, बिजागरीत खडखड नको. नळीतून उजेडाकडे बघा, आतली वर्तुळं एका ठिकाणी वाकडी दिसली तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. नळीवर लाकडाच्या शिरांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी. आजची काडतुसं तिच्यात घालू नका, ती भिंतीवरच शोभते. दस्त्याचं लाकूड लोखंडाला मिळतं तिथे वर्षानुवर्षांचं तेल मुरून ते काळं आणि मऊ झालेलं असतं, तिथून चीर जाते. चिरलेला दस्ता धक्का अंगठ्याच्या बेचक्यात सोडतो.

घरात बारा आणि वीस अशा दोन बंदुका असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटांत ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. नळी रिकामी वाटते, मागून बाराचं काडतूस जातं आणि नळी हातात फुटते. वीसची काडतुसं पिवळी असण्याचा रिवाज याच कारणाने पडला.

काडतूस

आंतरराष्ट्रीय ट्रॅप आणि स्कीटमध्ये २४ ग्रॅमच चालतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्य आणलं तेही याच भारावर. तेव्हा ‘२४ मध्ये दम नाही’ हे कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि २४ च मागा. स्कीटला ९ नंबर, म्हणजे २ मिलिमीटरचे छर्रे. ट्रॅपला साडेसात नंबर, २.४ मिलिमीटरचे. वेग छापलेला असेल तर दोन डब्यांतला मंद घ्या, धावणाऱ्या तबकडीला सेकंदाला वीस-तीस मीटरच्या फरकाने काही होत नाही, खांद्याला होतं.

एलजी, एसजी असल्या मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसांनी सराव करू नये. धक्का जास्त, आणि एसजीचा दाणा सहाशे मीटरपलीकडे जाऊ शकतो. साडेसात नंबरचा छर्रासुद्धा दोनशे मीटरच्या आसपास पोचतो. शेजारच्या शिवारात माळ्यावर कोणी झोपलेलं असतं, हे राखणीला आवाजाचा बार काढतानाही ध्यानात ठेवा. लग्नाच्या वरातीत बार काढायला तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ ला असताना, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत काडतुसं ठेवली तर दारू गरम होऊन दाब वाढतो, धक्काही वाढतो. पावसाळ्यात उलट त्रास, कागदी काडतूस फुगून चेंबरमध्ये अडकतं. घट्ट झाकणाचा डबा, आतल्या थंड खोलीत, बंदुकीपासून वेगळा आणि कुलपात. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती असे दोन आकडे असतात, साठा दोन्हींच्या आत ठेवा.

पहिला दिवस रेंजवर

कानात बोंडं (इअरप्लग) आणि वरून कानपट्टे (इअरमफ), दोन्ही. बारा बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि नवशिक्याला बसतो तो ‘धक्का’ अर्धा आवाजाचाच असतो. पहिल्या दिवशी पंचवीस बार पुरे. वजन पुढच्या पायावर, नाक पुढच्या पायाच्या अंगठ्यावर. मागे रेललेला माणूस दुसऱ्या बाराला आणखी मागे जातो.

बार निघण्याआधी डोळे मिटत असतील तर शिकवणाऱ्याने नळीत कधी काडतूस, कधी स्नॅप कॅप भरावी, कोणती ते न सांगता. रिकाम्या ‘टक’ला नळी खाली दबली तर दचका पक्का. तेव्हा बार थांबवा. घरी आरशासमोर, खात्रीने रिकामी बंदूक रोज पंधरा वेळा खांद्याला लावा. बंदूक गालाकडे यावी, गाल बंदुकीकडे जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुखणं कुठे आहे ते बघा, त्यावरून दोष सापडतो. दंडाच्या वरच्या भागावर डाग असेल तर दस्ता खळग्याबाहेर लागतोय, छाती थोडी तबकडीकडे वळवा. गळपट्टीच्या हाडावर असेल तर दस्ता फार वर आहे. छातीत खालच्या टोकाची खूण दिसली तर कोन चुकलाय. गालावर वळ असेल तर उतार जास्त किंवा गाल ढिला टेकवला. मधलं बोट सुजलं तर चापाची कमान मागे येऊन आदळते: मूठ सैल आहे किंवा दस्ता आखूड. आडव्या दुनळीत मागच्या चापाने बार काढताना पुढचा चाप बोटाला लागत असेल तरही दस्ता आखूडच. आणि खांद्यावर सगळीकडे सारखीच हलकी लाली असेल तर माप बरोबर आहे. मग काडतूस २४ वर आहे ना, तेवढं बघा.

थंडीत स्वेटर चढला की दस्ता सेंटीमीटरभर लांब होतो. डिसेंबरात माप घेतलेली बंदूक एप्रिलच्या पातळ सदऱ्यावर आखूड पडते. मोजणी सरावाच्या कपड्यांतच करून घ्या.